पंथीय हिणवणी : कॅथलिक व प्रॉटेस्टंट

ख्रिस्ती धर्मातील एका पंथाच्या लोकांनी दुसऱ्याला कमी लेखण्यासाठी वापरलेले बोलीतले शब्द. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडमध्ये असे शब्द भरपूर आहेत. मराठी-कोकणी मुलखात ते मोजके सापडतात, कारण इथे दोन्ही पंथांच्या वाट्याला आलेली जिव्हारी लागणारी शिवी बाहेरून आली आणि ती एकच होती : ‘बाटगा’.

वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती. तिथले कॅथलिक त्या काळातले, तर अहमदनगरकडचे प्रॉटेस्टंट अमेरिकन मराठी मिशनमुळे झालेले. या मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये आणि नगरला १८३१ मध्ये सुरू झाले. दोघांचा इतिहास, जाती, उपासनेची भाषा वेगळी. एकाची मिस्सा, दुसऱ्याची उपासना. गावाने मात्र दोघांना एकाच शब्दात गुंडाळले. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याची आख्यायिका कोकणपट्टीत सर्वत्र ऐकू येते. ‘पाववाला’ या हाकेत तिचाच दंश आहे. मुंबईत गोवेकर कॅथलिकांना ‘माकापाव’ (कोकणी ‘माका’ म्हणजे मला) म्हणत. ही चेष्टा बोलीची आणि खाण्याची असली तरी निशाण्यावर धर्मही होताच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे (जानेवारी २०२०) अध्यक्ष निवडले गेले तेव्हा झालेला विरोध ते कॅथलिक म्हणून नव्हता, ते ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून होता. छत्तीसगडातही हेच दिसते. १८६८ मध्ये ऑस्कर लोर यांनी बिश्रामपूरला सुरू केलेले मिशन प्रॉटेस्टंट; रायपूरचा कॅथलिक महाधर्मप्रांत २००४ चा. दोघेही स्वतःला ‘मसीही’ म्हणवतात, आणि हिणवणारा या दोघांत फरक करत नाही.

आपसातल्या वादात प्रॉटेस्टंटांचा जुना आरोप ‘मूर्तिपूजक’ हा. युरोपात तो धर्मशास्त्राचा मुद्दा होता. देव्हारा सोडून आलेल्या मराठी घराला तो ऐकवणे अधिक क्रूर होते. उलट ‘आर.सी.’ किंवा ‘रोमन’ ही ओळखीची नावे आहेत. सोयरीक ठरवताना ती सहज बोलली जातात आणि त्यांना शिवी म्हणण्याचे कारण नाही. ‘पोप’ या शब्दाचा प्रवास सर्वांत विलक्षण आहे. प्रॉटेस्टंट लिखाणात पोप म्हणजे पुरोहिती फसवणुकीचे प्रतीक. स्वामी दयानंदांनी ‘सत्यार्थप्रकाशा’च्या अकराव्या समुल्लासात तोच शब्द हिंदू पुरोहितांसाठी वापरला. ‘पोपलीला’ हा हिंदी शब्द त्याच वळणाचा. कॅथलिकांविरुद्ध घडवलेले हत्यार अशा रीतीने कॅथलिकांशी संबंध नसलेल्या भांडणात कामाला आले.

आज खरा पंथीय ताण गोव्यात आहे. कॅथलिक कुटुंबातून निघून पेंटेकॉस्टल मंडळ्यांत गेलेल्यांना तिथे ‘बिलिव्हर’ म्हणतात. शब्दाचा अर्थ श्रद्धावान. त्या मंडळ्या स्वतःसाठी तो अभिमानाने वापरतात. पण ‘तो बिलिव्हर जालो’ हे वाक्य कॅथलिक घरात उच्चारले जाते तेव्हा त्यात घर सोडून गेल्याचे दुःख आणि तक्रार दोन्ही असतात. गावच्या कॅथलिक दफनभूमीत अशा माणसाला जागा द्यायची का, यावरून वाद झाले आहेत. मृताच्या नातलगांना हा शब्द फाटकाशी ऐकवला गेला तर तो अपमानच ठरतो, शब्दकोश काहीही सांगो. स्कॉटलंडमधील ‘हन’ या शब्दाचा वाद याच जातीचा आहे : सेल्टिक या फुटबॉल संघाचे चाहते म्हणतात की तो रेंजर्स या प्रतिस्पर्धी संघासाठी आहे, ऐकणाऱ्या अनेकांना तो प्रॉटेस्टंटांसाठीचा वाटतो.

कायद्याने असे शब्द ठरवण्याचा एक प्रयत्न पोर्तुगीज राजवटीत झाला. पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याच्या कारकिर्दीतील २ एप्रिल १७६१ च्या फर्मानाने आशियातील मुलखांत बाप्तिस्मा घेतलेल्या स्थानिकांना गोऱ्यांच्या बरोबरीचे हक्क दिले आणि त्यांना तुच्छतेने ‘काळे’ किंवा ‘मिश्र रक्ताचे’ म्हणणे दंडनीय केले. १७७४ मध्ये त्याची पुन्हा ताकीद द्यावी लागली. म्हणजे अपमान एकाच पंथाच्या आत, गोऱ्या कॅथलिकाकडून सावळ्या कॅथलिकाचा, चालूच होता. आजच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०२ मध्ये (पूर्वीचे भा.दं.वि. २९८) मात्र निषिद्ध शब्दांची यादी नाही, धार्मिक भावना दुखावण्याचा जाणीवपूर्वक हेतू सिद्ध व्हावा लागतो. त्यामुळे ‘बिलिव्हर’ हा शब्द प्रार्थनासभेत निर्दोष आणि दफनभूमीच्या फाटकाशी गुन्ह्याचा पुरावा ठरू शकतो.