एक मॉनिटर, एक कीबोर्ड आणि तीन लिनक्स कॉम्प्युटर: कसं जमवायचं?

निफाड तालुक्यातल्या विंचूरला लासलगाव बाजार समितीचं उपबाजार आवार आहे. समजा, तिथल्या एखाद्या कांदा व्यापाऱ्याच्या ऑफिसात तीन लिनक्स कॉम्प्युटर आहेत. एकावर बिलं होतात, दुसऱ्यावर कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग चालतं, तिसऱ्यावर बॅकअप. टेबलावर तीन मॉनिटर मांडायला जागा नाही, आणि तशी गरजही नाही.

नेटवर्क असेल तर फुकटात काम भागतं. एसएसएचने एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याला कमांड देता येतात, व्हीएनसीने त्याची अख्खी स्क्रीन दिसते. इनपुट लीप हे सॉफ्टवेअरही बरेच जण सुचवतात, पण त्यात वाटून घेतले जातात ते फक्त कीबोर्ड आणि माउस. मॉनिटर प्रत्येकाला वेगळाच लागतो.

मग केव्हीएम स्विचवर पैसे का घालायचे? कारण वीज. वीज अचानक गेली, परत आली आणि डिस्कच्या तपासणीत चूक सापडली, तर लिनक्स इमर्जन्सी मोडमध्ये थांबून पासवर्ड मागू शकतं. तेव्हा सहसा नेटवर्क सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे एसएसएच लागत नाही. बायोसमध्ये शिरायचं असेल तरी तेच. अशा वेळी थेट वायरीने जोडलेला कीबोर्डच कामी येतो.

कीबोर्ड, व्हिडिओ, माउस म्हणून केव्हीएम. (लिनक्समध्ये २००७ साली आलेलं व्हर्च्युअल मशीनचं केव्हीएम वेगळं. सर्च करताना दोन्हींची सरमिसळ होते.) तिन्ही कॉम्प्युटरच्या वायरी या डबीला जोडायच्या आणि बटण दाबून हवा तो निवडायचा. काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

स्वस्त स्विचची एक खोड असते. दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेलं की पहिल्याला वाटतं, मॉनिटर काढून टाकला. मग परत आल्यावर खिडक्या इकडेतिकडे गेलेल्या असतात, रिझोल्यूशन बदललेलं असतं, कधी स्क्रीन काळीच राहते. मॉनिटर आपली माहिती कॉम्प्युटरला कळवतो, तिला ईडीआयडी म्हणतात. ईडीआयडी इम्युलेशन असलेला स्विच ती माहिती सगळ्यांना सतत पुरवत राहतो. दुकानदाराला किमतीआधी हे विचारलेलं बरं.

कॉम्प्युटर दोनच असतील तर आणखी स्वस्तात जमतं. बहुतेक मॉनिटरना दोन इनपुट असतात. दोघांच्या वायरी थेट मॉनिटरला लावायच्या आणि कीबोर्ड-माउससाठी साधा यूएसबी स्विच घ्यायचा. इनपुट मॉनिटरच्या बटणाने बदलतं. मॉनिटरमध्ये डीडीसी/सीआयची सोय असेल तर लिनक्सवरच्या डीडीसीयुटिल या कमांडनेही बदलता येतं.