स्की बूटजन्य पायदुखी

स्की बूटजन्य पायदुखी म्हणजे स्कीइंग या बर्फावरील खेळात वापरल्या जाणाऱ्या ताठ बुटांमुळे पाऊल, घोटा किंवा नडगी यांना होणारी वेदना होय. बूट लहान असल्यामुळेच ती होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात गरजेपेक्षा मोठा बूटही तिचे एक प्रमुख कारण असतो. सैल बुटात पाऊल सरकते, ते रोखण्यासाठी बक्कल अधिक आवळले जाते आणि पावलाच्या वरच्या भागावर दाब येतो.

बुटाची रचना

पूर्वी स्की बूट कातड्याचे व नाडीचे असत. १९६०च्या दशकात अमेरिकेतील बॉब लँग यांनी प्लॅस्टिकचे बूट प्रचारात आणले. त्यांमुळे पायाची हालचाल स्कीपर्यंत अधिक अचूकपणे पोहोचू लागली. मात्र प्लॅस्टिक कातड्याप्रमाणे वापराने पायाचा आकार घेत नाही. आधुनिक बुटाचे कठीण बाह्य कवच व आतील मऊ अस्तर असे दोन भाग असतात. अस्तर वापराने दबत जाते; त्यामुळे नवा असताना घट्ट वाटणारा बूट काही दिवसांत सैल पडू शकतो.

लक्षणे व कारणे

* नडगीची वेदना : सैल बुटात नडगी कवचाच्या पुढील भागावर वारंवार आदळते.
* काळे पडलेले नख : बोटे पुढे आपटून नखाखाली रक्त साकळते.
* तळव्याच्या कमानीत पेटके : कमानीला आधार नसल्यास, किंवा पाऊल स्थिर ठेवण्यासाठी बोटे आत वळवल्यास येतात.
* चवड्याच्या कडांची वेदना : कवच अरुंद असल्यास अंगठ्याच्या व करंगळीच्या मुळाशी हाडावर दाब पडतो.
* बधिरता : पावलाच्या वरच्या भागातील चेता व रक्तवाहिन्या दाबल्या गेल्याने येते.

योग्य माप

स्की बुटाचे माप पावलाच्या सेंटिमीटरमधील लांबीवरून ठरते. या पद्धतीस माँडोपॉइंट म्हणतात. मापाच्या तपासणीसाठी अस्तर काढून पाऊल रिकाम्या कवचात घालतात. बोटे पुढे हलकेच टेकली असता टाचेमागे साधारण १ ते २ सेंटिमीटर जागा उरावी. कवचाची रुंदीही महत्त्वाची असते. ९८ मिलिमीटरच्या आसपासचे कवच अरुंद, तर १०२ मिलिमीटर व त्याहून अधिकचे रुंद समजले जाते.

गुलमर्ग, औली यांसारख्या ठिकाणी नवखे पर्यटक बहुधा भाड्याचे बूट वापरतात. अशा वेळी रोजच्या पादत्राणाचा क्रमांक न सांगता पाऊल मोजून घेणे हिताचे ठरते.

उपाय

एकच पातळ मोजा घालावा. दोन मोज्यांमुळे ऊब वाढण्याऐवजी रक्ताभिसरणास अडथळा येतो. विजारीची कड बुटात जाऊ देऊ नये. टाच मागे टेकवून व गुडघा पुढे वाकवून बक्कल लावावे आणि विश्रांतीच्या वेळी ते सैल करावे. कमानीला आधार देणारा आतील तळ उपयोगी पडतो. विशिष्ट जागीच दाब येत असल्यास कुशल तंत्रज्ञ कवच तापवून तेथे फुगवटा काढतात किंवा आतून घासून जागा करतात.

धोक्याच्या खुणा

थंडीत बधिर झालेले पाऊल हिमदंशाची सुरुवात असू शकते. म्हणून ते दुर्लक्षून खेळत राहू नये, बूट काढून पाऊल उबदार जागी तपासावे. मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झालेल्यांना इजा झाल्याचे कळतही नाही. त्यांनी अधूनमधून त्वचा पाहावी. बूट काढल्यानंतरही बधिरता, सूज किंवा तीव्र वेदना टिकल्यास वैद्यकीय सल्ला आवश्यक असतो.