भामटा नावाची जात

लहानपणी बाळापूरहून अकोल्याला येऊन रेल्वेत बसायचं असलं की दादीची एकच ताकीद असायची, "गाडी में भामटे रैते, पोटली सिर के नीचे रख." भामटा म्हणजे चोर, एवढंच मला ठाऊक होतं. ती एक जात आहे आणि त्या जातीचीही पोरंबाळं शाळेत जातात, हे कळायला मला पंचविशी गाठावी लागली.

दादीची भीती तिच्या आजीच्या काळातली. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. पुढे अमेरिकेतल्या यादवीमुळे (१८६१-६५) इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला. अकोला, बडनेरा या मार्गावर आले आणि बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा निघाला. गावात चोरी झाली तर जागल्याला जाब विचारता यायचा. रात्रीच्या थर्ड क्लासच्या डब्यात कोण कुणाचा जागल्या?

चोरीला जायचं काय, तर पितळी तांब्या, लुगडं, घोंगडी, पोराच्या पायातले चांदीचे वाळे. आपण याला किरकोळ चोरी म्हणतो. पण गरिबाची बचत होती ती एवढीच. दुष्काळ पडला की आधी भांडं, मग वाळे सावकाराकडे किंवा बाजारात जायचे आणि त्यावर घर जगायचं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ वऱ्हाडाने लागोपाठ पाहिले. अशा वर्षात तांब्या गेला म्हणजे काही दिवसांची ज्वारी गेली. (या दोन दुष्काळांच्या मधे, १८९७ च्या डिसेंबरात, अमरावतीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. ते आपल्याला पाठ असतं. तांब्यांचा इतिहास कुणी लिहीत नाही.) आणि त्याच वर्षात तांब्या उचलणाराही बहुधा उपाशीच असायचा.

आता कायद्याकडे बघा. १८६० च्या दंडसंहितेचं ३७८ वं कलम २०२४ पर्यंत चोरीची व्याख्या करायचं. वस्तू किती किमतीची, याला तिथे महत्त्व नव्हतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, घरातून चोरी केली तर सात. १८६४ च्या कायद्याने कैदेऐवजी फटके मारायचीही सोय केली. पण त्या कलमाखालची उदाहरणं मला फार आवडतात. टेबलावर पडलेली अंगठी कुणीतरी लपवतो, हेतू असा की मालक विसरला की मग न्यायची. हा कुणीतरी कोण? नुसता 'अ'. त्याला जात नाही, धर्म नाही, बाप नाही. त्याने काय केलं, एवढंच न्यायाधीशाने बघायचं.

अवघ्या अकरा वर्षांत सरकारला या 'अ'चा कंटाळा आला. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. तो आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११ च्या कायद्याने सगळीकडे पसरला. नोंद, हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. चोरी करायचीच गरज उरली नाही, जन्म घेतला की पुरे.

१८८२ मध्ये मेजर गन्थॉर्प या पोलीस अधिकाऱ्याचं पुस्तक मुंबईत छापलं गेलं. मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या 'गुन्हेगार जमाती' हा त्याचा विषय. अशा पुस्तकांतला भामटा बाकाखाली झोपतो आणि छोट्या चाकूने वरच्या प्रवाशाची पिशवी कापतो. असं करणारी माणसं असतीलही, मी नाकारत नाही. पण त्याच जातीतला जो शेतात राबत होता, त्याच्यासाठी पान कुठे होतं?

आपल्या लोकांनी या यादीकडे परकी म्हणून बघू नये. त्यात छप्परबंदही होते. मुसलमान, फकिराच्या वेषात फिरणारे, खोटे रुपये पाडतात असा शिक्का बसलेले. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला. छप्परबंद, भामटा, राजपूत भामटा ही नावं आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत शेजारी शेजारी आहेत. भामटा मात्र शब्दकोशातून काही विमुक्त झाला नाही.

वऱ्हाडाचे खास म्हणजे टाकणकार. हे पारध्यांपैकी, जात्याला टाकी लावणारे. आज ते अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, पोलिसांच्या लेखी तेव्हा घरफोडे. आमच्या गल्लीत टाकी लावणारी एक बाई यायची. दादी तिला अंगणात बसवायची, जातं टाकवून घ्यायची, पैसे आणि वर भाकरी द्यायची. बाई गेली की आत जाऊन भांडी मोजायची. एकही कधी कमी भरलं नाही. पुढच्या खेपेला पुन्हा मोजायचीच.