सातत्यदोष (अमेरिकन सिटकॉममधील)

एकाच प्रसंगाच्या दोन शॉट्समध्ये, किंवा एकाच मालिकेच्या दोन भागांत, परस्परांशी न जुळणारा तपशील म्हणजे सातत्यदोष. सिटकॉममध्ये असे दोष भरपूर सापडतात. त्यांचे खापर निष्काळजीपणावर फोडले जाते, पण त्यांचे खरे मूळ बहुधा चित्रीकरणाच्या पद्धतीत असते.

‘आय लव्ह लूसी’ने (१९५१–५७) रूढ केलेल्या पद्धतीत समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढे तीन-चार कॅमेरे एकदम चालतात. एकेका प्रसंगाचे अनेक टेक होतात. हशा पिकला नाही तर लेखक तिथल्या तिथे संवाद बदलतात. संकलक नंतर निरनिराळ्या टेकमधले सरस तुकडे जोडतो. एका टेकमध्ये ऐकणाऱ्याने कप ओठांशी नेलेला असतो, दुसऱ्यात तो टेबलावर असतो. जोडणीनंतर कप पापणी लवायच्या आत खाली आलेला दिसतो. स्क्रिप्ट सुपरवायझर या हालचालींच्या नोंदी ठेवतो, तरीही विनोदाचे टायमिंग की कपाची जागा असा प्रश्न आला की टायमिंग राखले जाते, आणि ते रास्तच आहे. ख्यातनाम चित्रपट-संकलक वॉल्टर मर्च यांनी कट कुठे द्यावा याचे सहा निकष मांडले. त्यांत भावनेला ५१ टक्के वजन आहे, तर पात्रे आणि वस्तू यांच्या प्रत्यक्ष जागेच्या सातत्याला अवघे ४ टक्के.

म्हणून हे दोष हेरायचे तर नजर बोलणाऱ्यावर ठेवून चालत नाही. ऐकणाऱ्याचे हात, ग्लासातली पातळी, खांद्यावरचे केस पाहावेत. पात्र पाठमोरे असेल तर त्याच्या जबड्याची हालचाल ऐकू येणाऱ्या शब्दांशी जुळते का, हेही पाहावे.

पूर्वकथेतील दोष याहून रंजक. ‘फ्रेंड्स’मध्ये (१९९४–२००४) रॉस तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या अशा तिन्ही सीझनमध्ये २९ वर्षांचाच आहे, त्याचा वाढदिवस एका भागात डिसेंबरात, तर दुसऱ्यात १८ ऑक्टोबरला येतो. पहिल्याच भागात मोनिका रेचेलची चँडलरशी नव्याने ओळख करून देते, पण पाचव्या सीझनमधल्या फ्लॅशबॅकमध्ये ही दोघे १९८७ च्या थँक्सगिव्हिंगला एकाच घरात जेवायला हजर असतात. मोनिकाच्या दारावरचा ५ हा आकडा पुढे २० झाला, तो मात्र समजून-उमजून: घर वरच्या मजल्यावरचे आहे आणि ५ हा क्रमांक तिथे शोभत नाही, हे निर्मात्यांच्या ध्यानात आले. समोरच्या ४ क्रमांकाचेही १९ झाले.

एका सीझनला चोवीसेक भाग, बदलते लेखक आणि आठवड्यातून एकदा प्रक्षेपण अशा धबडग्यात त्या रात्रीचा विनोद आधी सुचे, पात्राचा इतिहास मागाहून जुळवला जाई. डीव्हीडी आणि स्ट्रीमिंग आल्यावर हेच भाग सलग, थांबवून थांबवून पाहिले जाऊ लागले आणि विसंगती उघड्या पडल्या.

‘हॅपी डेज’मध्ये (१९७४–८४) तर चक कनिंगहॅम हा थोरला मुलगाच दुसऱ्या सीझननंतर नाहीसा झाला. शेवटच्या भागात वडील आपल्या दोनच मुलांबद्दल बोलतात. पात्र असे विनाखुलासा गायब होण्याला आजही चकचे नाव दिले जाते.

सर्वांत सुंदर दुरुस्ती ‘फ्रेझर’ने (१९९३–२००४) केली. हे पात्र आधी ज्या मालिकेत होते त्या ‘चीअर्स’मध्ये फ्रेझरने आपले वडील संशोधक होते आणि ते वारले, असे सांगितले होते, नव्या मालिकेत निवृत्त पोलीस असलेले मार्टिन त्याच्याच घरी राहायला येतात. १९९५ च्या एका भागात जुना मित्र सॅम सिअ‍ॅटलला येतो आणि वडिलांसमोरच ही गोष्ट बोलून जातो. फोनवर भांडण झाले होते, म्हणून रागाच्या भरात तसे सांगितले, अशी कबुली फ्रेझरला द्यावी लागते. लेखकांनी विसंगती लपवली नाही. तिच्यातून बापलेकांचे दुखरे नाते दाखवले. मार्टिन साकारणारे जॉन महोनी स्वतः ‘चीअर्स’च्या एका भागात जिंगल लिहिणाऱ्याच्या भूमिकेत येऊन गेले होते, पण नट तोच आणि पात्र वेगळे असल्याने तो दोष मानू नये.

‘मॅश’ (१९७२–८३) ही मालिका सुमारे तीन वर्षांच्या कोरियन युद्धावर अकरा सीझन चालली. कालखंडाचा हा ताण मालिकेच्या स्वरूपातच आहे. आरंभीच्या भागांत नायक हॉकाय घरच्या आई-बहिणीचा उल्लेख करतो आणि पुढे तो एकुलता एक ठरतो, हा मात्र निखळ दोष.

अलीकडे आणखी एक प्रकार दिसतो. ३५ मिमी फिल्मवर चित्रित झालेली ‘फ्रेंड्स’ ४:३ चौकटीसाठी रचलेली होती. २०१२ च्या ब्लू-रे आवृत्तीत चौकट १६:९ झाली आणि पूर्वी कडेबाहेर राहिलेला भाग दिसू लागला; एके ठिकाणी मोनिकाच्या जागी उभी असलेली बदली स्त्री त्यामुळे नजरेस पडते. दोषांची यादी करताना आवृत्ती नोंदवणे यासाठीच आवश्यक आहे, कारण मूळ प्रक्षेपणात ही स्त्री चौकटीबाहेरच होती.