लेंटिन आयोग : ग्लिसरीनमधले विष आणि प्रशासनाची झोप

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. यांपैकी कोणी मूत्रपिंडाच्या विकारासाठी दाखल झालेले नव्हते. मेंदूतील किंवा डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी त्यांना तोंडावाटे ग्लिसरीन दिले जात होते. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकोल हे विषारी रसायन निघाले.

हे रसायन ग्लिसरीनसारखेच रंगहीन, दाट आणि गोडसर असते. मात्र ते स्वस्त असून त्याचा उपयोग कारखान्यांत होतो. पोटात गेल्यावर यकृतात त्याचे विघटन होते, त्यातून निर्माण होणारे आम्ल मूत्रपिंडांवर आघात करते आणि लघवी बंद होते. चव किंवा रंगावरून ते ओळखू येत नाही. प्रयोगशाळेतील तपासणीत मात्र सहज सापडते. ती तपासणी झाली असती, तर हे ग्लिसरीन वॉर्डापर्यंत पोचलेच नसते.

या प्रकरणाच्या चौकशीसाठी राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला. आयोगाने केवळ पुरवठादाराला दोषी ठरवून विषय संपवला नाही. औद्योगिक वापराचे ग्लिसरीन औषध म्हणून रुग्णालयात कसे शिरले, याचा शोध घेताना रुग्णालयाची खरेदी, अन्न व औषध प्रशासनाची देखरेख आणि मंत्रिपातळीवरील हस्तक्षेप या साऱ्यांवर अहवालात कठोर ताशेरे ओढले गेले. हा अहवाल १९८८ मध्ये जाहीर झाला आणि तत्कालीन आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. सरकारी चौकशीतून मंत्र्याचे पद जाण्याचे प्रसंग राज्यात फारसे नाहीत.

वास्तविक धोका नवा नव्हता. अमेरिकेत १९३७ मध्ये याच रसायनात विरघळवलेल्या सल्फानिलामाइडमुळे शंभराहून अधिक जणांचा बळी गेला. पुढच्याच वर्षी तेथे औषध विक्रीपूर्वी ते सुरक्षित असल्याचे दाखवण्याचे बंधन घालणारा कायदा झाला. भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आहे. त्यानुसार उत्पादन परवाने व तपासणीचा मुख्य भार राज्यांवर असून औषध निरीक्षकांची संख्या नेहमीच तोकडी राहिली. दर ५० उत्पादन कारखान्यांमागे आणि दर २०० विक्री केंद्रांमागे एक निरीक्षक असावा, अशी शिफारस डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३ मध्ये केली होती.

गुरगाव येथे १९९८ मध्ये, तर जम्मूतील रामनगर येथे २०१९-२० मध्ये याच विषाने बालके दगावली. पश्चिम आफ्रिकेतील गॅम्बियात २०२२ मध्ये सुमारे ७० मुलांच्या मृत्यूंचा संबंध भारतीय बनावटीच्या सिरपशी जोडला गेला. मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात २०२५ मध्ये ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले दगावली. या रसायनाची अनुज्ञेय मर्यादा ०.१ टक्का असताना तामिळनाडूच्या तपासणीत त्याचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. औषध तामिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात तयार झाले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही ‘एसआर-१३’ या तुकडीचा वापर थांबवण्याचे आदेश दिले. तोवर छिंदवाड्यात मुले दगावली होती.