तुळई बदलावी, संसार ठेवावा

नांदेड-लातूरकडची माळवदाची घरे आपल्या परिचयाची आहेत. एखादी तुळई कुजली, तर जाणता सुतार काही घर पाडा म्हणत नाही. तो माळवदाला टेकू देतो, कुजकी तुळई काढतो, नवी बसवतो. खालची उतरंड, कणगी, देवघर जागच्या जागी राहते. संगणकाच्या दुरुस्तीलाही हाच न्याय लागू पडतो. पण तो आपल्याला उमजायला बरीच वर्षे लागली.

संगणकाचा सारा कारभार चालवणारी जी यंत्रणा, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्या शाळा-कचेऱ्यांत ती बहुधा विंडोज असते. ती बिघडली की तालुक्याच्या दुकानात औषध ठरलेले: “फॉरमॅट मारू, गुरुजी!” फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी. यंत्र सुरू होई खरे. पण श्रीलिपी, आयएसएम यांसारखे मराठी लिहिण्याचे प्रोग्राम जात, त्यांचे फॉन्टही जात. मग पेनड्राइव्हवर जपलेली जुनी प्रश्नपत्रिका उघडावी, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची गिचमीड! मजकूर असून नसल्यासारखा.

वास्तविक टेकू देण्याची वाट पहिल्यापासून होती. १९९५ च्या विंडोज ९५ मध्ये जुन्या फोल्डरावरच विंडोज पुन्हा बसवता येई. प्रोग्राम सहसा टिकत. प्रोग्राम आणि मांडणी यांची जी नोंदवही, तिला रजिस्ट्री म्हणतात. विंडोज ९८ तिच्या पाच प्रती राखून ठेवी. २००० साली विंडोज मी आले, त्यात यंत्रणा मागच्या एखाद्या चांगल्या दिवसाच्या स्थितीत नेण्याची सोय झाली. २००१ च्या एक्सपीत सीडीवरूनच दुरुस्ती होई. मात्र ‘आर’ ही कळ दोन ठिकाणी विचारली जाई. पहिल्या ठिकाणी दाबली, तर जाणकारांची काळी खिडकी उघडे. खरी दुरुस्ती दुसऱ्या ठिकाणी. हे ठाऊक नसणारा तिथेच अडकून पडे.

२००७ साली व्हिस्टा आले नि रीत बदलली. आता ही दुरुस्ती चालू विंडोजच्या आतूनच करावी लागते. यंत्र मुळीच सुरू होत नसेल, तर ही वाट बंद. २०१५ च्या विंडोज १० मध्ये ‘रीसेट’ची सोय आहे. त्यातला ‘माझ्या फायली ठेवा’ हा पर्याय मोठा फसवा. फायली राहतात, पण आपण बसवलेले प्रोग्राम जातात. उतरंड राहिली, चूल गेली! दोन्ही राखायचे, तर विंडोजचा सेटअप आतून चालवून ‘फायली व अॅप्स ठेवा’ हाच पर्याय निवडावा. सेटअप त्याच भाषेचा, त्याच प्रकारचा आणि यंत्रातल्या विंडोजपेक्षा जुना नसलेला हवा, नाहीतर तो पर्याय मिळत नाही. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये तर पुढे हीच दुरुस्ती इंटरनेटवरून करण्याचे बटण सेटिंग्जमध्येच आले.

तरीही, गुरुजी, एक पथ्य पाळावे. हात घालण्यापूर्वी फायली आणि जुने फॉन्ट दुसरीकडे उतरवून घ्यावेत. प्रोग्रामांच्या परवान्यांचे क्रमांक वहीत लिहावेत. हार्ड डिस्कच खराब झाली, तर कोणतीच दुरुस्ती कामी येत नाही. आणि दुकानदाराने फॉरमॅटचे नाव काढले, की त्याला आधी विचारावे, “बाबा रे, टेकू देऊन पाहिलास का?”