पोराचं आतडं का अडलं? कंपाला ते परळ, व्हाया हिंगोली

आजचा भाग जरा जड आहे, पण इअरफोन काढू नका. इतिहासच आहे, फक्त राजा-महाराजांचा नाही, एका गाठीचा आहे.

लेकराचं पोट दुखलं की आपल्याकडं, हिंगोली-वसमत-कळमनुरीकडं, पहिला संशय जंतावर. मग जंताची गोळी, मग बेंबीला हिंग. बहुतेक वेळा तेवढ्यात भागतंही. पण क्वचित एखाद्या आठ-दहा वर्षांच्या पोराचं पोट फुगतं, हिरवी उलटी होते, संडास बंद, गॅससुद्धा सरत नाही. आतडं अडलेलं असतं. सर्जन पोट उघडतो आणि लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला गाठ सापडते. तिथं रोगाशी लढणाऱ्या पेशींचे पुंजके असतात, त्यांचाच हा कॅन्सर, लिम्फोमा. कधी गाठ आतडं दाबते, तर कधी आतड्याचा एक भाग दुसऱ्यात ओढून नेते, शर्टाची बाही आत सरकावी तसा. दोन वर्षांच्या आतल्या बाळात आतडं असं सरकतं तेव्हा सहसा मागं गाठ नसते. मोठ्या पोरात सरकलं, तर डॉक्टर गाठ शोधतात.

मुलांच्या आतड्यात बहुतेकदा जो लिम्फोमा सापडतो त्याचं नाव बर्किट. आता युगांडात जाऊ.

१९५७. कंपालातलं मुलागो हॉस्पिटल. डेनिस बर्किट नावाच्या आयरिश सर्जननं जबडा सुजलेलं एक पोर पाहिलं, मग तसंच दुसरं. यातल्या मुलांच्या पोटातही गाठी असायच्या. १९५८ मध्ये त्यानं ते छापलं. लहानपणी अपघातात एक डोळा गेलेला हा माणूस १९६१ मध्ये दोन मित्र आणि एक जुनी फोर्ड गाडी घेऊन निघाला, दहा आठवड्यांत दहा हजार मैल फिरला. वाटेतल्या दवाखान्यांत फोटो दाखवून विचारायचं, असं पोर बघितलंय का? नकाशावर एक पट्टा उमटला, उष्ण, पावसाचा, मलेरियाचा. आजच्या भाषेत डेटा गोळा करणं म्हणतात ते हेच, फक्त लॅपटॉप नव्हता.

पुढं त्याच गाठीचे तुकडे विमानानं लंडनला मायकेल एपस्टाईनकडं जायचे. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळं विमान मँचेस्टरला उतरलं, नमुना उशिरा पोचला, गढूळ झालेला. नासला म्हणून टाकायचाच बाकी होता. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर गाठीच्या पेशी सुट्या होऊन जिवंत तरंगत होत्या. त्या वाढवता आल्या, त्यात विषाणू सापडला, आणि १९६४ मध्ये तो शोध छापून आला. आज त्याला एपस्टाईन-बार विषाणू म्हणतात. (हाच बर्किट नंतर चोथायुक्त अन्नाचा प्रचारक म्हणून गाजला. आपली ज्वारीची भाकरी त्याला आवडली असती. या आजाराशी मात्र भाकरीचा काही संबंध नाही.)

कंपालात रेडिएशनचं मशीन नव्हतं, म्हणून बर्किटनं नवी औषधं देऊन बघितली. काही मुलांच्या गाठी थोड्या डोसातच विरघळल्या. कारण या पेशी भयानक वेगानं दुप्पट होतात, २४ ते ४८ तासांत, आणि वाढत्या पेशीवरच औषध घाव घालतं. मी कोड लिहिणारा माणूस, म्हणून आकडेमोड केली: दोन दिवसांत दुप्पट धरलं तर चौदा दिवसांत १२८ पट. शरीरात पेशी मरतही असतात, इतकं सरळ होत नाही. तरी "बघू पंधरा दिवस" म्हणजे काय, ते कळतं.

आता परळ. टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं, मेहेरबाई टाटा ल्युकेमियानं गेल्या त्याला दहा वर्षं होत आली होती. १९८० च्या दशकात इथले डॉ. सुरेश अडवाणी, लहानपणी पोलिओ झालेले आणि व्हीलचेअरवरून राउंड घेणारे, आणि इयन मॅग्रथ एकत्र काम करू लागले. मॅग्रथ पूर्वी कंपालातच याच आजारावर काम करत होते. म्हणजे युगांडाचा धडा माणसासोबत मुंबईला आला. मुलांच्या लिम्फोमासाठी एमसीपी-८४२ नावाची पद्धत बसवली. कमी दिवसांचा पण तगडा किमो. तिचा प्राथमिक अहवाल १९९७ मध्ये आला.

मला यातली सगळ्यात अवघड गोष्ट वाटते ती किमोचे पहिले काही दिवस. गाठ झपाट्यानं विरघळली की तिचा कचरा रक्तात येतो, किडनी बंद पडू शकते. रोज, कधी दिवसातून अनेकदा रक्त तपासावं लागतं. हे गावातल्या दवाखान्यात होत नाही.

त्यात एक गोची. आतड्याचा टीबी नेमका त्याच जागी होतो, आणि आपल्याकडं टीबी भरपूर. नुसत्या सोनोग्राफीवर दोन्ही सारखे वाटू शकतात. काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला गेला, रिपोर्ट आला, तरच फरक कळतो. तुकडा गेला का, रिपोर्ट कुठंय, हे दोन प्रश्न काका-मामा कुणीही विचारू शकतं.

हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा जिल्हा झाला. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत आली. नांदेड त्यात होतं, हिंगोली नव्हतं. म्हणजे हद्दीच्या अलीकडच्या पोराला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं, त्या महिन्यात योजना राज्यभर गेली. आज ती महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, कॅन्सरचे उपचारही तिच्यात बसतात. मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, मुलांसाठी २००६ पासून सेंट ज्यूड्सची घरं आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये हिंगोलीच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं उद्घाटन झालं. पोट फुगलेलं, हिरवी उलटी करणारं पोर रात्री अकराला आलं, तर तिथं सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट दोघं असतील का, हे आपण जाऊन विचारायला हवं.